दाखला निघाला, पोरगं राहिलं

दहावीचं सगळ्यांना सगळं कळतं. ज्यांच्या घरात आजवर कुणी बोर्डाच्या परीक्षेला बसलेलं नाही, तेही ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणजे काय ते समजावून सांगतात. सहाशेचे पाचशे कसे होतात, वीस मार्क शाळेच्या हातात कसे असतात, दोन विषय राहिले तरी अकरावीला कसं बसता येतं आणि कोकणचा निकाल दरवर्षी वरच का असतो, या विषयांवर नंदुरबारच्या बसस्टँडपासून कोरीटच्या ओट्यापर्यंत अधिकारवाणीने बोलणारी माणसं भेटतात. निकालाच्या दिवशी बावन्न टक्क्यांचाही फ्लेक्स लागतो. त्यावर शुभेच्छुक म्हणून ज्यांचे फोटो असतात, त्यांना स्वतःचे टक्के विचारू नयेत एवढाच संकेत असतो. पण याच मंडळींना विचारून बघा, तुमचं धाकटं सहावीत आहे, त्याला सध्या गणितात काय चाललंय? ओटा गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘‘सर चांगले आहेत.’’ सर चांगले असतीलच. प्रश्न गणिताचा होता. पाचवी ते आठवी या चार वर्षांत आपली सगळी धावपळ कागदांसाठी होते. दहावीचा निकाल मात्र बहुतेक वेळा याच चार वर्षांत लागून गेलेला असतो, बोर्ड तो नंतर जाहीर करतं. म्हणून माझं म्हणणं असं, की खेड्यातल्या पालकांनी प्रवेशाची काळजी जरा कमी करावी आणि ज्याचा प्रवेश घ्यायचा त्याची जरा जास्त.

पालकांना ही वर्षं कळत नाहीत यात त्यांचा दोष फार नाही, कारण ती सरकारलाही एका दमात सांगता येत नाहीत. आपल्या राज्यातला जुना हिशोब पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवी ते दहावी माध्यमिक असा होता. चौथीपर्यंत गावात, मग हायस्कुलात. शाळांच्या इमारती, मास्तरांची पदं आणि आजोबांची समजूत या हिशोबावर बांधलेली आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी नवी वाटणी केली. इमारतींना ते कुणी कळवलं नाही. परिणामी आठवीतला मुलगा कायद्याने प्राथमिक, इमारतीने माध्यमिक आणि मिशीने उच्च माध्यमिक असतो. पुढे २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि त्याने पाच अधिक तीन अधिक तीन अधिक चार असं तिसरं गणित मांडलं. त्यात बालवाडीही शाळेत आली आणि बारावीही माध्यमिक झाली. शिष्यवृत्ती परीक्षेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. वर्षानुवर्षं ती चौथी आणि सातवीला होती, कायद्याशी जुळवून घ्यायला २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला. ज्या बापाने चौथीत शिष्यवृत्ती बुडवली, त्याच्या मुलाने पाचवीत बुडवली आणि नातवाला आता पुन्हा चौथीत बुडवायची सोय झाली आहे.

या गोंधळात पालकाला एकच गोष्ट पक्की ठाऊक असते: प्रवेश मिळवायचा असतो. शहरातल्या बातम्या वाचून तो घाबरलेलाही असतो. तिकडे लॉटरी, यादी, दुसरी यादी, रात्रीपासून रांग. प्रत्यक्षात खेड्यात उलटी गंगा वाहते. इथे पालक शाळा शोधत नाही, शाळा पालक शोधते. शिक्षकांची पदं पटावर ठरतात, संचमान्यतेत पट घसरला की कुणीतरी ‘अतिरिक्त’ ठरतं. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाची बदली कुठल्या डोंगरावर होईल ते डोंगरालाही सांगता येत नाही. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत, चाळिशी कधीच ओलांडलेल्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधलेली गुरुजन मंडळी मोटारसायकलवरून गावोगाव फिरताना दिसतात. चौथी-पाचवीच्या आणि सातवी-आठवीच्या मुलांची यादी त्यांच्या खिशात असते. कुणी दप्तर देतो, कुणी वह्या, कुणी गाडीची सोय सांगतो, कुणी ‘दाखला आम्हीच काढून आणतो, तुम्ही फक्त सही करा’ म्हणतो. पोराच्या बापाचा एवढा मान त्याच्या स्वतःच्या लग्नातही झालेला नसतो. तरी हा मनुष्य ‘ॲडमिशन मिळेल ना, सर?’ असं हात जोडून विचारतो. सरांना हसू आवरतं ते केवळ अनुभवाने.

या भेटीत पालकाची बाजू किती भक्कम असते हे त्याच्या ध्यानातच येत नाही. आठवीपर्यंत मुलाची किंवा पालकाची चाचणी घेऊन प्रवेश ठरवायला कायद्याने बंदी आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळेची सोय करणं ही सरकारची जबाबदारी आहे. मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला तरी नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी आपण चार चकरा मारतो, ती कायद्याने बऱ्यापैकी सोपी करून ठेवली आहे. अशा भक्कम बाजूच्या माणसाने समोरच्याला विचारायचं तरी काय? तर तो विचारतो, ‘‘दप्तराला किती कप्पे आहेत?’’

कागदांचं वेड मात्र समजण्यासारखं आहे, कारण कागद खरोखर छळतात. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं. पहिला मान आपला. त्यानंतर आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातलं नाव यांची गाठ घालून देण्याचं काम सुरू झालं, ते अजून चालू आहे. रजिस्टरात मुलगा ‘सुनिल’ असतो, आधारवर ‘सुनील’, बँकेत ‘सुनिलभाई’ आणि घरी ‘बंड्या’. शिष्यवृत्ती यातल्या कुणाच्या खात्यात जमा करायची असा पेच यंत्रणेला पडतो, आणि यंत्रणा पेचात पडली की पैसे जमा होत नाहीत. जन्मतारखेची तऱ्हा तर सर्वांना ठाऊक आहे. नाव घालायला आलेल्या बापाला तारीख आठवत नसे, जून महिन्यात शाळा उघडलेली असे, गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या एकाच दिवशी जन्मल्या आणि एकाच दिवशी निवृत्त झाल्या. विनोद बाजूला ठेवून सांगायचं तर एक काम मूल शाळेत असतानाच उरकून घ्यावं: रजिस्टरातलं नाव, जात आणि जन्मतारीख तपासून चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा. शाळा सुटल्यावर आणि बोर्डाच्या प्रमाणपत्रावर नाव छापून आल्यावर ती दुरुस्ती करायला निघालेला माणूस घरी उशिरा पोचतो.

पण कागद नीट झाले की पालकाला वाटतं, पोरगं नीट झालं. फसगत सुरू होते ती इथून. चौथी-पाचवीपर्यंत एकच बाई किंवा गुरुजी सगळं शिकवतात. त्यांना मूल नावानिशी, घरानिशी आणि खोड्यांनिशी माहीत असतं. सहावीपासून कायद्यालाच विषयवार शिक्षक अपेक्षित आहेत: गणित-विज्ञानाला एक, भाषांना एक, सामाजिक शास्त्रांना एक. मुलाच्या दृष्टीने घंटा वाजली की माणूस बदलतो. गणिताच्या सरांना वाटतं याला वाचता येत नाही हे मराठीच्या बाई बघतील. मराठीच्या बाईंना वाटतं वाचता येत नसतं तर हा सहावीत आलाच नसता. पुस्तकंही स्वभाव बदलतात. खाली गोष्टी असतात, वर माहिती येते. ‘परिसर अभ्यास’ या एका मायाळू विषयाची फाळणी होऊन विज्ञान, इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल अशी स्वतंत्र राज्यं तयार होतात. अपूर्णांकाला दशांश चिन्ह फुटतं, मग त्याचा शेकडा होतो, मग ऋण संख्या येतात आणि पाठोपाठ बीजगणित अक्षरं घेऊन दाखल होतं. पाचवीत भागाकार राहून गेलेल्या मुलाला हे सगळं आपल्याबद्दल कुणीतरी परक्या भाषेत बोलतंय तसं ऐकू येतं. आपल्याकडे तर ते अक्षरशः खरं आहे. घरात भिलोरी, पावरी, मावची, गुजरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाने चौथीपर्यंत गुरुजींच्या हावभावांवर निभावून नेलेलं असतं. आठवीच्या विज्ञानात प्रकाशाच्या परावर्तनाला हावभाव पुरत नाहीत.

हे पालकाला कळावं म्हणून प्रगतिपुस्तक नावाची वस्तू असते. ती एकदा डोळ्यांजवळ धरून वाचावी. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि गुणांच्या जागी श्रेणी आल्या: अ-१, अ-२, ब-१, ब-२, अशा उतरत उतरत इ-२ पर्यंत. शेजारी वर्णनात्मक नोंदी. ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात ‘नियमित उपस्थित राहतो’, ‘आवड’मध्ये ‘क्रिकेट खेळणे’ आणि ‘सुधारणा आवश्यक’मध्ये ‘अक्षर सुधारावे’. पुढच्या मुलाच्या कार्डावर आवड बदलून कबड्डी होते, बाकी सगळं तेच. चाळीस मुलांच्या प्रत्येकी आठ विषयांच्या नोंदी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात लिहिणाऱ्या शिक्षकाकडून याहून वेगळं साहित्य निर्माण होणार नाही, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण पालकाने ते कार्ड वाचून समाधान मानावं का? नंदुरबारच्या बाजारात मिरची विकणारा शेतकरी हे जाणतो की ओल्या लाल मिरचीचा काटा एक सांगतो आणि तीच मिरची पथारीवर वाळली की दुसरं. व्यापारी मिरची हातात घेतो, देठ बघतो, मोडून बघतो, मगच भाव बोलतो. पोराच्या ब-१ ला मात्र आपण ओल्या वजनाचा भाव देतो. ती वाळते नववीत.

हा माझ्या मनाचा खेळ नाही. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. मुलांना घरी गाठून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतात. २०२३ ची पाहणी चौदा ते अठरा या वयाच्या ग्रामीण मुलांची होती, सव्वीस राज्यांतल्या अठ्ठावीस जिल्ह्यांत. त्यांतली ८६.८ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेजच्या पटावर होती. म्हणजे प्रवेशाच्या बाबतीत देशाने मैदान मारलेलं आहे. पण साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांना दुसरीचा उतारा स्वतःच्या भाषेत सलग वाचता आला नाही, आणि तो भागाकार जमणारी ४३ टक्क्यांच्या आसपास निघाली. पटावर नसलेल्यांचा आकडा त्याहून बोलका आहे. चौदाव्या वर्षी ३.९ टक्के, अठराव्या वर्षी ३२.६ टक्के. आठवीच्या वयात जवळपास सगळे वर्गात आणि अठराव्या वर्षी तिघांमागे एक जण बाहेर. गळती लागते ती प्रवेशाच्या दारातून आत गेल्यावर, आणि पालक पहारा देत असतो दाराबाहेर.

‘‘पण पोऱ्या पास व्हयना ना?’’ हा यावरचा पहिला आणि बहुतेकांच्या मते शेवटचा मुद्दा. व्हयना, भाऊ. आठवीपर्यंत नापास करायचं नाही असा कायदा झाला तेव्हापासून सगळेच व्हयनात. या तरतुदीचा हेतू वाईट नव्हता. नापासाचा शिक्का बसलेली मुलं, त्यातही मुली, शाळा सोडत, आणि एकच वर्ग तीनदा केल्याने भागाकार येतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण आपण त्या हेतूचा अर्धाच भाग उचलला. नापास करू नका हे ऐकलं, मागे पडलेल्याला हात द्या हे दुसऱ्या दिवसावर ठेवलं. मग २०१९ मध्ये कायदा बदलला आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर पुन्हा शिकवणी, पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. शाळेतून काढता मात्र येत नाही. आता धाक आला, मुलं अभ्यास करतील, असं म्हणणाऱ्यांचा मला आदर वाटतो, कारण इतका आशावाद सोपा नाही. पाचवी आणि आठवी यांच्या मध्ये सहावी आणि सातवी असतात आणि तिथे धाक पोचत नाही. शिवाय फेरपरीक्षेआधीच्या काही आठवड्यांत तीन वर्षांचं राहिलेलं गणित भरून काढणारा शिक्षक कुठे असेल तर त्याला आधी अर्थखात्यात पाठवायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: आम्हीच शिकलेलो नाही, आम्ही काय तपासणार? २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४.४ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तपासायला शिकलेलं असावं लागत नाही, ऐकता आलं पाहिजे. घरात लग्नपत्रिका येतेच. सहावीतल्या मुलाला ती मोठ्याने वाचायला सांगा. पत्रिका वाचणं दिसतं तेवढं सोपं नाही. तिच्यात जोडाक्षरं असतात, तिथी असते, प्रेषक असतात आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिमुकल्यांची यादी असते. अडखळत, शब्द तोडून किंवा अंदाजाने वाचत असेल तर निरक्षर आईलाही कानाने कळतं. किराण्याचा हिशोब त्याच्याकडून करून घ्या. साडेतीन क्विंटल कापसाचे किती झाले, तोलाई-हमाली वजा जाऊन हातात किती येतील, ते विचारा. आपल्या शेतकऱ्याला उत्तर तोंडपाठ असतं, कारण त्यात त्याचे पैसे असतात. मुलाचं उत्तर त्याच्याशी जुळलं नाही, तर प्रगतिपुस्तकातल्या ब-१ वर विश्वास ठेवायचा की व्यापाऱ्याच्या पट्टीवर, हे ज्याचं त्याने ठरवावं. बरं, हे शिक्षकांचं काम आहे, पालकांचं नाही, असंही म्हणतात. शिकवणं शिक्षकांचंच काम आहे, वादच नाही. पण शिकवलेलं पोचलं की नाही ते विचारायला कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बऱ्याच ठिकाणी या समितीच्या सभेत ठराव आधी लिहिलेला असतो, सह्या नंतर होतात आणि मध्ये चहा असतो. एका सभेत चहाआधी ‘सहावीतल्या किती मुलांना सलग वाचता येतं?’ एवढं जरी कुणी विचारलं, तरी पुढचं सत्र वेगळं जाईल.

तिसरा मुद्दा पालकांचा आवडता आहे: एकदा चांगल्या शाळेत नंबर लागला की झालं. इथे शाळांची नावं मंत्रासारखी घेतली जातात: नवोदय, एकलव्य, सैनिकी शाळा. या शाळा चांगल्या आहेत, मुलांचं भलं होतं, प्रयत्न जरूर करावा. नवोदयची तर सुरुवातच ज्या दोन शाळांनी झाली, त्यांतली एक आपल्या अमरावतीची. पण आकडे बघावेत. नवोदयला सहावीसाठी एका विद्यालयात फार तर ऐंशी जागा, त्यांतल्या किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण मुलांना. आयुष्यात एकदाच बसता येणारी परीक्षा, दोन तास, ऐंशी प्रश्न. एकलव्यमध्ये सहावीला साठ. जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांतली पाचवीची मुलं मोजायला बसलात तर रात्र होईल. तरी पाचवीत पोराला क्लास लावला जातो, दाराला कडी लावून ‘मानसिक क्षमता’ वाढवली जाते आणि नंबर लागला नाही की सहावीपासून त्या क्षमतेकडे कुणी ढुंकून पाहत नाही. याच्या उलट एक साधी परीक्षा आठवीत असते, एनएमएमएस. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या आणि साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांसाठी. लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. त्यासाठी गाव सोडावं लागत नाही, वसतिगृह लागत नाही. सातवीत पंचावन्न टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना पाच टक्क्यांची सूट. हिच्या नावाने कुणी फ्लेक्स लावत नाही, म्हणून ती ओट्यावर कुणाला माहीतही नसते.

इंग्रजी माध्यमाचंही तसंच. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीला अचानक इंग्रजी असा झेंडा बदलणारे पालक वाढताहेत. हेतू स्वच्छ असतो. पण दोन्ही भाषांत अर्धवट वाचणारं मूल टाय लावून सातवीत बसलं तरी सातवीचं होत नाही. टायला गाठ मारता येणं ही त्याची त्या वर्षातली मुख्य शैक्षणिक प्रगती ठरते.

आता आठवी आणि नववी यांच्या मधल्या सांध्याबद्दल. इथे फार कमी लोक थांबून बघतात. सक्तीचं आणि मोफत शिक्षण देणारा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. चौदा उलटले तरी आठवी पूर्ण होईपर्यंत तो सोबत असतो, आठवी झाली की रामराम घेतो. नववीत चाचणी नको म्हणणारं कलम नाही, तीन किलोमीटरची हमी नाही, नापास न करण्याचं बंधन नाही. शाळेलाही आता वेगळी काळजी लागते: पुढच्या वर्षी दहावी, आणि दहावीचा निकाल टक्क्यांत छापून येतो. मग जे मूल आठ वर्षं कुणाला खटकलं नाही, ते नववीत एकदम सगळ्यांना खटकायला लागतं. काही ठिकाणी नववीतच गाळण लागते. काही ठिकाणी पालकाला प्रेमाने सुचवलं जातं की याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, तोही मोकळा आणि शाळाही मोकळी. शंभर टक्के निकालाच्या फ्लेक्सवर हे मूल नसतं. ते त्या वेळी सुरतला किंवा बारडोलीकडे कुठेतरी कामावर असतं. मुलींच्या बाबतीत शाळा लांब आहे हेच कारण पुरतं. खरं तर ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून एसटीचा पास मोफत आहे. पास असतो, मुलगी तयार असते, बसच वेळेवर नसते, आणि मग बसच्या वेळापत्रकावरून मुलीच्या शिक्षणाचं वेळापत्रक ठरतं. दिवाळीनंतर कुटुंबाबरोबर ऊसतोडीला किंवा गुजरातेत जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं, जाताना ते शाळेतून मागून न्यायचं म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. मागितलं नाही तर मूल तोडीवर कोयता धरतं आणि होळीला परत येऊन वरच्या वर्गात पास झालेलं असतं.

यावर कुणी म्हणेल की हे सगळं सरकारने करायचं, तुम्ही पालकांच्याच गळ्यात का घालता? सरकारने करायलाच हवं. विषयवार शिक्षक नेमावेत, बस वेळेवर सोडावी, नववी-दहावीपर्यंत कायदा वाढवावा. ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. पण सरकारचं चौथं गणित येईपर्यंत आज सहावीत असलेली मुलगी दहावीला बसलेली असेल, किंवा नसेल. पालकाच्या हातात आज जी ताकद आहे ती मे महिन्यातली. तेव्हा येत्या मे महिन्यात कुणी गुरुजी यादी घेऊन दारात आले, तर त्यांना आधी पाणी द्या, ऊन फार असतं. मग दप्तराचा विषय निघण्याआधी विचारा: तुमच्याकडे सहावीला गणित कोण शिकवतं? वाचता न येणाऱ्या मुलासाठी तुम्ही वेगळा वेळ देता का? दोन वर्षांपूर्वी तुमच्या आठवीत जेवढी मुलं होती, त्यांतली किती यंदा दहावीला बसली? आणि ज्या शाळेला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता येईल, दाखला तिकडेच न्या.